हायवेवर पुढची गाडी हळू चाललीये? आधी अंतर वाढवा

वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, कांदिवली ते गोरेगावच्या मधे कुठेतरी, उजवी लेन, पुढे रस्ता बऱ्यापैकी मोकळा दिसतोय आणि तुमच्या समोर एक गाडी पन्नासने चाललीये. साइड देत नाही, वेगही वाढवत नाही. तुमच्या मागचा डिपर मारतोय, डावीकडून एक टॅक्सी सुळकन निघून गेली, आणि आता तुमचाही पाय ॲक्सिलरेटरवर वळवळायला लागलाय. अशा वेळी काय करायचं त्याबद्दल हे लिहितोय. डोकं थंड ठेव असं तर घरचेही सांगतात, पण चालत्या गाडीत डोकं थंड ठेवायचं म्हणजे हातापायांनी नक्की काय करायचं ते कोणी सांगत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी अंतर वाढवा, रागाचं नंतर बघू. पुढच्या गाडीपासून लांब राहिलं की राग बहुतेक वेळा आपोआप उतरतो, आणि चिकटून चालवत असाल तर कितीही मोठे श्वास घ्या, काही फरक पडत नाही.

का ते सांगतो. पुढच्याच्या बंपरला चिकटून चालवता तेव्हा तुम्हाला दिसतं काय, तर त्याची नंबर प्लेट आणि ब्रेक लाइट. त्याने ब्रेकला नुसता पाय लावला की तुम्हालाही ब्रेक, त्याने सोडला की तुम्ही ॲक्सिलरेटर, मग परत ब्रेक, क्लच, गिअर, म्हणजे ठरवतोय तो आणि पाय दुखतायत तुमचे. दहा मिनिटं असं चाललं की कुठलाही माणूस चिडणार, शांत स्वभावाचाही चिडणार. तेच जरा मागे राहिलात तर त्याच्या पुढच्या तीन-चार गाड्या दिसतात, ब्रेक मारायच्या ऐवजी नुसता पाय उचलून भागतं, आणि गंमत म्हणजे तेव्हा कळतं की अरे हा हळू चाललाय कारण ह्याच्या पुढे अजून एक टँकर आहे.

अंतर म्हणजे किती

मीटरमध्ये मोजायच्या भानगडीत पडू नका, सेकंदात मोजा. वेस्टर्न एक्स्प्रेसवर दहिसरपासून अंधेरीपर्यंत मधोमध मेट्रोचे खांब आहेत, ते ह्या कामाला एकदम बेस्ट. पुढच्या गाडीची मागची बाजू एखाद्या खांबाजवळून गेली की मनात मोजायला लागायचं, एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन, आणि तीन म्हणून होईपर्यंत तुमचा बोनेट त्या खांबापर्यंत पोचायला नको. पोचला तर जवळ आहात, पाय उचला. ब्रेक मारायची गरज नसते, नुसता पाय उचलून गाडी मागे पडते. पावसात हेच पाच-सहा सेकंद करा, आणि जूनच्या पहिल्या पावसात तर नक्कीच, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून तेव्हा सगळ्यात जास्त घसरतं.

तीन सेकंद जास्त वाटतात पण हिशोब बघा. ताशी ८० ने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, १०० ने जवळपास २८. समोर काहीतरी झालं हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक-दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तुम्ही तीसेक मीटर पुढे गेलेले असता. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. ४० वर ज्या अंदाजाने गाडी थांबते तो अंदाज ८० वर काही कामाचा नाही, आणि शहरात रोज चालवणाऱ्या आपल्या सगळ्यांचा अंदाज ४० चाच असतो.

आता लगेच कोणीतरी म्हणणार की मुंबईत गॅप ठेवला की त्यात दुसरा घुसतो. घुसतो, मान्य. घुसू द्या. एक गाडी तुमच्या पुढे आली की तुम्हाला परत अंतर करायला दोन-तीन सेकंद मागे सरकावं लागतं, बास. अगदी दहा जण घुसले तरी अर्धा मिनिट. रागावून तो गॅप बंद करायला गेलात की त्या अर्ध्या मिनिटासाठी तुम्ही पूर्ण रस्ता भांडत काढता. मला विचाराल तर मुंबईत गाडी चालवणाऱ्याने सगळ्यात आधी हीच एक गोष्ट शिकायला हवी की पुढे येणाऱ्याला येऊ द्यायचं आणि त्याचं काही वाटून घ्यायचं नाही.

तो हळू का चाललाय

हे कळलं की अर्धं काम होतं, म्हणून ह्यावर जरा जास्त लिहितो.

नियम सगळ्यांना माहितीये की हळू जाणाऱ्याने डावीकडे राहावं. पण आपल्या हायवेची डावी लेन कशी आहे ते आठवा. बस थांबतायत, रिक्षा मधेच पॅसेंजर उतरवतायत, सर्व्हिस रोडवरून गाड्या न बघता आत येतायत, बाइकवाले, पावसाळ्यात कडेला पाणी आणि पाण्याखाली खड्डा, कुठे कामाचे बॅरिकेड. ज्याचा हात नवीन आहे किंवा ज्याला आत्मविश्वास कमी आहे तो ह्या सगळ्याला घाबरून मधे सरकतो, मधून उजवीकडे सरकतो, आणि तिथे दुभाजकाच्या बाजूला त्याला सेफ वाटतं कारण एका बाजूने तरी कोणी येत नाही. चुकतोय तो, उजवी लेन ओव्हरटेकची आहे. पण तुमचा रस्ता अडवायचा म्हणून तो तिथे नाहीये, आणि हे लक्षात आलं की त्याच्याकडे बघायची नजर बदलते.

बाकी कारणं तर कितीतरी. मोटर ट्रेनिंग स्कूलची गाडी, एल बोर्ड लावलेली. हॉस्पिटलमधून ऑपरेशन झालेल्या माणसाला घरी नेणारा, त्याला प्रत्येक खड्डा वाचवायचाय. मागे तान्हं बाळ. टायरमध्ये हवा कमी झालीये आणि पंक्चरवाला शोधतोय. एक्झिट चुकेल म्हणून मॅपकडे बघत चाललेला. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात लालबाग-परळच्या कारखान्यांतून मूर्ती घेऊन निघालेले टेम्पो बघितलेत ना, मागे चार पोरं मूर्तीला धरून उभी, एक जण हात दाखवून मागच्यांना हळू हळू सांगतोय, त्या टेम्पोमागे मात्र कोणी हॉर्न मारत नाही. आपल्याला कारण दिसतं म्हणून. बाकीच्या गाड्यांचं कारण काचेच्या आत असतं, एवढाच फरक.

आमची आई पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकली. एकदा जोगेश्वरीच्या फ्लायओव्हरवर मी तिच्या बाजूच्या सीटवर होतो, ती मधल्या लेनमध्ये पंचावन्नने नीट चालवत होती. मागून एक मोठी एसयूव्ही आली ती इतक्या जवळ की आरशात नुसती तिची जाळी दिसत होती, आणि हॉर्नवरचा हात काढेचना. आई बोलत होती ती बोलायची थांबली. स्टिअरिंगवरची पकड घट्ट, बोटांची पेरं पांढरी, नजर रस्त्यावर कमी आणि आरशात जास्त, आणि मग त्याला जागा द्यायच्या घाईत तिने एकदम डावीकडे घेतलं, तिथे बाइक होती, ती तिने बघितलीच नव्हती. मी ओरडलो, तिने परत सरळ केली, बाइकवाला थोडक्यात वाचला. एसयूव्हीवाला निघून गेला, त्याला कळलंही नसेल.

म्हणून सांगतो, मागून दाबलं की हळू चालवणारा फास्ट होत नाही. तो घाबरतो आणि घाबरलेला माणूस काहीतरी भलतंच करतो, एकदम ब्रेक मारतो, न बघता लेन बदलतो. तुमच्या पुढे एक हळू पण अंदाज येणारी गाडी होती, तिची तुम्ही अंदाज न येणारी गाडी केलीत.

साइड मागायची कशी

सरळ पद्धत आहे. अंतर ठेवूनच एकदा डिपर द्या, दिवसा असेल तर एक छोटा हॉर्न, आणि मग थांबा. दहा-पंधरा सेकंद काही करायचं नाही. त्याला आधी आरशात बघायचंय, मग डावीकडे जागा शोधायचीये, ह्याला वेळ लागतो. बरेच जण देतात साइड. हॉर्न धरून ठेवल्याने कोणी लवकर देत नाही. मुंबई पोलिसांनी २०१९-२० च्या सुमारास काही सिग्नलवर डेसिबल मीटर लावून बघितले होते, हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचा टायमर परत पहिल्यापासून सुरू व्हायचा, त्याचे व्हिडिओ तेव्हा सगळ्यांनी बघितले.

साइड मिळालीच नाही तर? मागे राहा. नियमाने ओव्हरटेक उजवीकडूनच करायचा असतो आणि डावीकडून कट मारणं हा मुंबईतला सगळ्यात धोक्याचा प्रकार आहे कारण पुढच्याचं लक्ष त्या बाजूला नसतं, आणि तिथेच बाइक, रिक्षा, बसमधून उतरणारी माणसं असतात. मधली लेन खरोखर मोकळी असेल तर आरसा बघून, मान वळवून, इंडिकेटर देऊन मधल्या लेनला या आणि तिथल्या वेगाने चालत राहा. ती लेन पुढे सरकली तर तुम्हीही सरकाल. पण पुढे गेल्यावर लगेच त्याच्या पुढ्यात घुसायचं नाही आणि धडा शिकवायला म्हणून ब्रेक तर अजिबात मारायचा नाही. आतल्या आरशात त्याच्या गाडीचा पूर्ण पुढचा भाग, पुढची दोन्ही चाकं रस्त्याला टेकलेली दिसत नाहीत तोपर्यंत लेन बदलू नका. आणि पास होताना काच खाली करून त्याच्याकडे बघायचं नाही. सरळ समोर बघून जा.

दंडाचंही सांगून ठेवतो. मोटर वाहन कायद्याचं कलम १८४ आहे धोकादायक ड्रायव्हिंगसाठी, पहिल्याच वेळेला १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. नियम मोडून केलेला ओव्हरटेक, सिग्नल तोडणं, राँग साइड, हातात फोन हे सगळं त्यात येऊ शकतं.

दोन लेनचा रस्ता असेल तर

मुंबई-गोवा हायवेला रुंदीकरणाचं काम वर्षानुवर्षं चाललंय, चार लेनचा रस्ता मधेच दोनवर येतो आणि पुढे ट्रेलर असला की सगळ्यांचा धीर सुटतो, त्यात गणपतीला गावी निघालेले असाल आणि रात्रीपासून गाडीत बसलेले असाल तर विचारूच नका. इथे ओव्हरटेकचा हिशोब एकदा घरी बसून करून बघा. ट्रेलर ५० ने चाललाय, तुम्ही ६० ने काढताय, म्हणजे तुम्ही त्याच्यापेक्षा सेकंदाला तीन मीटरसुद्धा पुढे सरकत नाही. ट्रेलरची लांबी पंधरा मीटर, मागचं-पुढचं थोडं अंतर आणि तुमची गाडी धरून पन्नासच्या वर मीटर काढायचेत. जवळपास एकोणीस सेकंद तुम्ही समोरून येणाऱ्याच्या लेनमध्ये असता. तेवढ्यात तुम्ही तीनशेवर मीटर पुढे गेलात आणि समोरचाही ६० ने येत असेल तर तोही तेवढाच जवळ आला. म्हणजे सहाशेच्या वर मीटर रस्ता रिकामा आणि सरळ दिसायला हवा. कोकणातल्या वळणावळणाच्या रस्त्यावर असे पट्टे कमीच. दिसत नसेल तर ओव्हरटेक नाही, मग मागे कितीही हॉर्न वाजोत.

ट्रेलरला अगदी चिकटून बाहेर डोकावायची सवय असेल तर तीही सोडा. मागे राहिलात तर दोन्ही बाजूंनी पुढचं दिसतं, चिकटलात तर फक्त त्याचं मागचं फाळकं दिसतं.

घाटातला ट्रक

पुणे एक्स्प्रेसवेला सगळ्यात जास्त चिडचिड होते ती खोपोली एक्झिटपासून लोणावळ्यापर्यंत, कारण तिथे जुना हायवे आणि एक्स्प्रेसवे एकत्र येतात आणि चढाला लोड भरलेले ट्रक दुसऱ्या-तिसऱ्या लेनमध्ये एकमेकांना रांगत रांगत ओव्हरटेक करत असतात. ट्रकने डावी लेन धरायला हवी हे खरंय. पण लोडेड ट्रकचा चढावर एकदा वेग गेला की तो परत मिळत नाही, म्हणून ड्रायव्हर शक्यतो थांबत नाही, चाल मोडत नाही.

उताराला तर ह्याच्याही पुढची गोष्ट आहे. मुंबईकडे येताना ट्रक खालच्या गिअरमध्ये मुद्दाम हळू उतरतो, कारण सतत ब्रेक दाबून ठेवले की ते तापतात आणि धरायचे बंद होतात. त्याचं हळू चालणं तुमच्याच जिवासाठी आहे. त्याच्या पुढे जी मोकळी जागा दिसते ती त्याची थांबायची जागा आहे, त्यात कार घालून ब्रेक मारलात तर त्याच्याकडे काही करायला उरत नाही. तुम्हीही घाट उतरताना न्यूट्रल टाकू नका, तिसऱ्या गिअरला या, जास्त उतार असेल तर दुसऱ्या, आणि इंजिनला गाडी धरू द्या. सपाट भागात कारला १०० ची लिमिट आहे, घाटात त्याहून बरीच कमी, बोर्ड आहेत आणि आता कॅमेरेही आहेत.

एक महत्त्वाचं, पावसात किंवा बोगद्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायची फॅशन आलीये ती बंद करा. मागच्याला वाटतं गाडी उभी आहे, आणि तुम्ही लेन बदलताना इंडिकेटर दिला तरी त्याला कळत नाही. हेडलाइट लावा, पुरे.

वेळ किती वाचतो

एक्स्प्रेसवे कळंबोली ते किवळे साधारण ९४.५ किलोमीटर. पूर्ण रस्ता १०० ने गेलात तर ५७ मिनिटं, पूर्ण रस्ता १२० ने गेलात, जे घाटामुळे होतच नाही, तर ४७. म्हणजे जीव मुठीत धरून, दंड भरून, दहा मिनिटं. शहरात तर अजून कमी. पन्नासने जाणाऱ्या गाडीच्या मागे तुम्ही दोन किलोमीटर अडकलात आणि नाहीतर तुम्ही सत्तरने गेला असतात, तर नुकसान झालं चाळीस सेकंदांचं. तेवढे तर पुढे अंधेरी किंवा वाकोल्याच्या गर्दीत असेच जातात, आणि मघाशी कट मारून गेलेला टॅक्सीवाला तिथे तुमच्या बाजूलाच उभा असतो.

उशीर खरा होतो तो घरातून निघताना. म्हणून पंधरा मिनिटं आधी निघा, हे कंटाळवाणं आहे पण ह्याला दुसरा उपाय नाही. निघाल्यावर मॅपवर पोचायची वेळ सारखी बघत बसू नका, ती एक-एक मिनिटाने पुढे सरकताना बघून माणूस उगाच पेटतो, आवाजावर रस्ता ऐका आणि स्क्रीन बाजूला ठेवा. कोणी वाट बघत असेल तर गाडी सुरू करायच्या आधीच कळवा की पोचलो की फोन करतो, मग मधे कोणी विचारणार नाही. उपाशी निघू नका. लघवीला लागली असेल तर थांबा, खरंच सांगतो, अर्ध्या लोकांची घाई तीच असते, खालापूरच्या फूड मॉलला दहा मिनिटं गेली तर जाऊ देत. आणि चालवता चालवता मधेच स्वतःला तपासायची सवय लावा, दात आवळलेत का, खांदे कानापाशी गेलेत का, स्टिअरिंग घट्ट धरलंय का. तसं असेल तर तुम्ही चिडलेले आहात, तुम्हाला कळलेलं नसलं तरी. पाय उचला, अंतर करा.

आणि तुम्हीच हळू चालवत असाल तर

त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण उजवी लेन सोडा. अगदी डावी नको वाटत असेल तर मधली धरा आणि एकाच वेगाने चला, मधेच चाळीस मधेच साठ असं करू नका, त्याने मागच्याला अंदाज येत नाही. अटल सेतूवर किंवा कोस्टल रोडवर समुद्र बघायला, फोटो काढायला वेग कमी करू नका, बाजूच्याला काढू दे फोटो.

मागे कोणी दाबायला लागला तर वेग वाढवू नका आणि मुद्दाम कमीही करू नका. पुढच्यापासूनचं तुमचं अंतर अजून थोडं वाढवा, म्हणजे तुम्हाला एकदम ब्रेक मारायची वेळ येणार नाही आणि मागचा तुमच्यावर आदळणार नाही. जागा मिळाली की नीट बघून, इंडिकेटर देऊन त्याला जाऊ द्या. घाई त्याची आहे, तुम्ही तुमच्या वेळेने लेन बदला. हात दाखवू नका, उलटा हॉर्न नको, आरशात त्याच्या डोळ्यात बघू नका. तो आडवी गाडी घालून थांबवायला बघत असेल तर खाली उतरायचं नाही, काचा वर, दरवाजे लॉक, गाडी गिअरमध्ये, आणि जागा मिळाली की निघून वर्दळीच्या पेट्रोल पंपावर किंवा पोलीस चौकीपाशी जाऊन थांबा, घरी नेऊ नका त्याला मागे मागे. ११२ ला फोन बाजूच्याने लावायचा, कोणाला लागलं असेल तर ॲम्ब्युलन्सला १०८. गाडीचा नंबर, रंग, वेळ आणि कुठल्या फ्लायओव्हरजवळ झालं हे बाजूच्याला टाइप करून ठेवायला सांगा, एकटे असाल तर गाडी पूर्ण थांबवून हँडब्रेक ओढल्यावरच फोन हातात घ्या.